बाबली मॅनेजरचा कौल

१७ डिसेंबर १९६१, रविवार

मॅच झालीच नाही! वेंगुर्ल्याची टीम यायची होती, पण गाड्या सगळ्या लष्कराकडे गेल्यात म्हणे. सावंतवाडीपासून पुढे बांद्यापर्यंत नुसते ट्रकच ट्रक. गोव्याचं आता काहीतरी होणार असं जो तो बोलतोय. होऊ दे बापडं. पण आजची मॅच बुडली ती बुडलीच.

तरी संध्याकाळी आम्ही मळ्यात गेलो. भात कापून झालं की देवळाखालचा हा मळा म्हणजे आमचं मैदान. पोफळीचे चार सोट रोवले की झाले गोल. गडी उगाच चेंडू लाथाडत होते. बाबली मॅनेजर मेरेवर, मळ्याच्या बांधावर उभा, दक्षिणेकडे तोंड करून. एरवी तो चेंडूकडे कधी बघत नाही, पण माणसांकडे तरी बघतो. आज तेही नाही. मी जवळ जाऊन विचारलं, काय बघतोस? मोकळी जागा, म्हणाला आणि हसला.

हे त्याचं नेहमीचं उत्तर. चेंडू काय, सगळेच बघतात. मैदानात जिथं कोणी नाही ती जागा हेरायची, तिथं आधी जाऊन उभं राहायचं, चेंडू मागून येतो – असं तो शिकवतो. आमच्या रवळनाथ स्पोर्टिंगचे गडी पूर्वी सगळेच्या सगळे चेंडूमागे धावायचे, गुळाच्या ढेपेमागे मुंगळे तसे. आता बघत राहावंसं वाटतं. रुक्मिणी म्हणते, मॅचच्या दिवशी पूजा लवकर आटपते ती काय देवाला भूक लागते म्हणून? गुरवाच्या बायकोनं असं बोलावं! पण खोटं नाही.

२० डिसेंबर

गोवा सुटला!!

गणपतच्या वखारीतल्या रेडिओवर बातमी आली आणि वाडी नुसती उधळली. मी देवळातला ढोल काढला आणि हात भरून येईपर्यंत बडवला. गणपतनं गूळखोबरं वाटलं – गणपतनं! ज्याच्या वखारीतून नारळाचं सोडणसुद्धा फुकट बाहेर पडत नाही, तो! बाबलीला गड्यांनी खांद्यावर घेतलं आणि मळ्याला फेरी मारली, शील्ड जिंकल्यावर मारतात तशी. तो वर बसून हसत होता आणि डोळे पुसत होता.

ढोल बडवता बडवता माझ्या मनात आलं – आता हा जाणार.

सगळी वाडी नाचत होती आणि माझा हात थांबला. मेल्या मना! लोकांचा मुलूख सुटला आणि तुला तुझ्या टीमची पडली.

२१ डिसेंबर

आज शांत डोक्यानं लिहितो.

बाबली मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा. पंचावन्न साली मे महिन्यात आमच्या वाडीत मावसभावाच्या लग्नाला आला. येण्याआधी घरी काय करून आला ते कोणाला माहीत नव्हतं – सत्याग्रही लोकांना माळ्यावर लपवून, पेज वाढून, पुढच्या वाटेला लावून आला होता. पंगतीत बसलेला असतानाच निरोप आला: पोलीस घरी येऊन गेले, परत फिरू नको. पोलीस म्हणजे पाखल्यांचे. पोर्तुगिजांना आमच्याकडे पाखलेच म्हणतात. बाबलीचा हातातला घास हातात राहिला. अंगावर लग्नाचा सदरा, तेवढ्यावर तो इथला झाला. गणपतनं वखारीमागच्या मांगरात, खोपटात जागा दिली आणि नारळ सोलायचं काम दिलं.

पण परमुलखातला माणूस आमच्या गावात नुसता राहत नाही, देवाला सांगून राहतो. रवळनाथापुढे गाऱ्हाणं मीच घातलं – बा देवा, हे लेकरू तुझ्या पायाशी घातलंय, आपलं म्हणून सांभाळ. सगळे मागून "व्हय म्हाराजा" म्हणाले. तेव्हापासून बाबली देवाच्या पायाशी घातलेला माणूस.

पाऊस सरला, भात कापलं, आणि एक दिवस आमचा फुटबॉल बघून तो पोट धरून हसला. पेडण्यात तो खेळलेला. गणपत मंडळाचा अध्यक्ष, त्याला राग आला. म्हणाला, हसतोस तर शिकव. पहिल्या दिवशी बाबलीनं चेंडू दिलाच नाही. सगळ्यांना समुद्रावर नेलं. गडी रापणीचेच. म्हणाला, जाळं ओढताना दोन्ही दोर सारखे ओढता ना? एका अंगाला सगळे गेले तर मासे राहतात का? मग मैदानातच एका अंगाला का धावता? बस्स. तेव्हापासून आमचा खेळ बदलला. मी तर म्हणतो तेव्हापासून मी बदललो. संध्याकाळचं ऊन मळ्यात तिरकं आलेलं, खालून समुद्राचा आवाज, आणि चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे न बोलावता जातोय – ते बघताना मला देवळात वाटतं तसंच वाटतं. हे कोणाला सांगता येत नाही. इथं लिहून ठेवतो.

३१ डिसेंबर

वेंगुर्ल्याशी मॅच झाली. जिंकलो. बाबली जिंकल्यावर पूर्वी विडी पेटवायचा. आज पेटवायची राहिली.

८ जानेवारी १९६२

पेडण्याहून एक मासळीवाला आला, बाबलीच्या आईचा निरोप घेऊन. आई आनंदीबाई, म्हातारी, एकटीच असते. इतकी वर्षं नीट बातमी नव्हती. मला वाटलं, म्हातारीनं रडून काय काय सांगून पाठवलं असेल. निरोप काय, तर घर शाकारायला झालंय, कधी येतोस?

एवढाच! जणू काय तो सकाळी बाजारात गेलाय.

बाबली तो निरोप सगळ्यांना सांगत सुटला. ज्याला त्याला – "आवस म्हणता, घर शाकारूक झालाहा." सांगायचा आणि हसायचा. चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगताना त्याचं हसू मध्येच मोडलं. मी उठून समई साफ करायला गेलो. समई साफच होती.

१४ जानेवारी

संक्रांत. बाबलीनं गणपतला तिळगूळ दिला आणि जायचं म्हणून सांगितलं. गणपत गोडच बोलला. म्हणाला, जरूर जा, आपलं घर ते आपलं घर. पण आता अष्टग्रही येतेय, आठ ग्रह एका राशीत. अशा दिवसांत कोणी उंबरा ओलांडतं का? ती टळू दे.

गणपतच्या मनात अष्टग्रही नाही, शिमग्यातली शील्डची टूर्नामेंट आहे. मला कळतं. कारण माझ्याही मनात तीच आहे.

बाबली बरं म्हणाला. त्याचं हे असंच. जो जे सांगेल त्याला बरं.

२२ जानेवारी

लोक खुळे झालेत. अष्टग्रहीत जग बुडणार म्हणतात! देवळात रोज अभिषेक. पाणी ओतून ओतून माझे खांदे गेले. ज्याच्याकडे बघवत नाही असा एक माणूस आज अकरा नारळ घेऊन आला आणि पापं आठवत बसला. मी म्हटलं, बाबा, जग बुडायच्या आत आठवून होतील का?

जग बुडालं तर शिमग्याची मॅचही बुडेल. असंही मनात आलं.

५ फेब्रुवारी

जग आहे.

६ फेब्रुवारी

अष्टग्रही टळली, आणि बाबलीनं पुन्हा विषय काढला. गणपतकडे दुसरं कारण तयार होतं, आणि ते पहिल्यापेक्षा पक्कं. देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाच्या पायाकडे घातललो माणूस. देवाक इचारल्याशिवाय तो सोडूचो कसो?"

रीत खरीच आहे. देवाकडे ठेवलेलं देवाला विचारून उचलायचं. पेडण्यातही रवळनाथ आहे, तिथंही हीच रीत. बाबलीनं स्वतःच मान हलवली. रविवारी कौल लावायचा ठरला.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही, पण कौल लावणार मीच. पाकळ्या मीच लावणार.

७ फेब्रुवारी

मनाला समजावतोय. कौल माझा नाही, देवाचा. मी नुसता हात.

आजोबांनी लहानपणी हात धरून शिकवलं – देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, सारख्या ओल्या. गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. देवाची उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यात अंधार, एक समई. लोक उंबऱ्याबाहेर. आत काय होतं ते देव बघतो आणि गुरव बघतो. म्हणून आजोबा म्हणायचे, गुरवाचं तोंड एकदा खोटं झालं की गावाला देव मुका झाला.

आमच्या घरात ते कधी झालं नाही.

पण डावी पडू दे. देवा, डावी पडू दे. मी काही करणार नाही, तूच कर. शिमग्यापर्यंत तरी. नाही – खरं लिहितो. शिमग्यापर्यंत नाही, कायमची.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी प्रॅक्टिस संपून गडी घरी गेले तरी बाबली मळ्यात बसून होता. दव पडायला लागलं होतं. मीही जाऊन शेजारी बसलो. दोघंही रिकाम्या मैदानाकडे बघत राहिलो. मैदान रिकामं असलं की मला त्यात चेंडू दिसतो, कोणी न मारता आपोआप फिरणारा. त्यालाही दिसत असेल का, कोण जाणे.

मग मी विचारलं. उद्याचं देवाचं राहू दे, तुला काय हवंय?

तो चमकून माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "पाखल्यांनी माका हाकललो, तुमी माका ठेवून घेतल्यात. दोनय टायमाक माका कोणी इचारूक नाय."

खरंच विचारलं नव्हतं. गाऱ्हाणं घातलं तेव्हा तो बाजूला उभा होता, भिजल्या कोंबड्यासारखा, आणि आम्ही देवाला सांगत होतो की ह्याला सांभाळ. त्याला वळून कोणी विचारलं का, राहतोस ना म्हणून? आम्हाला वाटलं उपकारच करतोय. उपकार होतेच म्हणा. पण विचारलं नव्हतं. आणि आताही सगळी वाडी देवाला विचारायला निघालीय.

मी म्हटलं, मी विचारतोय ना.

"माका घराक जावचा आसा, सगुण."

एवढंच बोलला. मला नावानं हाक मारणारी माणसं फार नाहीत, सगळे गुरवच म्हणतात. घरी आलो तर रुक्मिणीनं विचारलं, तोंड असं का? दव लागलं म्हणालो.

११ फेब्रुवारी, रविवार

रात्र फार झालीय. पण आजच लिहायला पाहिजे.

सकाळी सगळी वाडी जमली. मानकरी, मंडळाचे गडी, बायका मागे. बाबली आंघोळ करून, ओल्या केसांनी खांबाला टेकून उभा. गणपत उंबऱ्याच्या अगदी जवळ.

मी पाकळ्या लावल्या. सारख्या ओल्या. शपथेवर लिहितो, सारख्या! मग उंबऱ्यात येऊन गाऱ्हाणं घातलं – "बा देवा रवळनाथा, तुझ्या पायाकडे घातललो हो लेक. आज तेची वाट मोकळी झालीहा. तेका घराक धाडूचो तुझ्या मनात आसात तर उजवी दी, ठेवूचो आसात तर डावी दी." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. त्यात बाबलीचाही आवाज होता. मला तो वेगळा ऐकू आला.

आत जाऊन उभा राहिलो. समईची वात हलत होती. देवाचं तोंड रोजचंच, तेलानं काळंभोर. बाहेर कोणी खोकललं. मला काहीच वाटत नव्हतं. मॅचमध्ये चेंडू वर उडाला की खाली येईपर्यंत सगळं थांबतं, तसं.

डावी पडली.

पटकन पडली, ओढ लागल्यासारखी. देवानं माझं ऐकलं. जे रोज मागत होतो ते माझ्या पायापुढे पडलं होतं. राहणार! बाबली राहणार, शिमगा, पुढचा शिमगा, सगळे. मी वाकून ती उचलली. रीत अशी की पडलेली पाकळी बाहेर नेऊन दाखवायची आणि दुसरी गुरवानं काढून तीर्थात सोडायची. मी उजवी काढली, तीर्थात सोडली. बाहेर आलो. हातावर पाकळी. हातात आल्यावर पाकळीला कुठला डावा आणि कुठला उजवा!

सगळ्यांच्या माना पुढे आलेल्या. बाबलीनं मात्र खाली बघितलं होतं. पायाकडे. मार खायला उभा राहिलेला माणूस बघतो तसा.

आणि मी म्हटलं, "उजवी."

मीच म्हटलं. माझ्याच तोंडानं. कोण बोललं असं मलाच वाटलं.

बाबलीनं मान वर केली. ते तोंड मी कसं लिहू? बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गणपत माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग त्यानं हात जोडले. देवापुढे त्याचं तरी काय चालणार?

१२ फेब्रुवारी

पूजा केली. देवाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी

बाबली गेला. सकाळच्या एस.टी.नं सावंतवाडीला, तिथून पुढे मिळेल त्यानं.

सगळे गडी नाक्यावर आले होते. रडायचं कसं ते गड्यांना येत नाही, म्हणून एकमेकांच्या खोड्या काढत होते. गणपतनं एक पोतं नारळ दिले. निवडून दिले, बघितलं मी. बाबलीनं एकेकाला जवळ बोलावून काय काय सांगितलं – तुझा डावा पाय बरा आहे, त्याला लाजू नको. तू मागे बघून धावतोस, पुढे बघ. मला काय सांगणार? मी काही खेळत नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "देवान माझा बरा केल्यान, सगुण."

होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

एस.टी. वळली. धूळ बसली. नाक्यावर आम्ही सगळे अजून तसेच उभे होतो. कोणाला पहिलं घरी जायचं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

गणपत आता स्वतःच मॅनेजर. मेरेवर उभा राहून बोंबलतो, मार, मार! कोणाला मार, कुठे मार ते सांगत नाही. चेंडू जिकडे जाईल तिकडे मेरेवरून धावतो. आज धावता धावता मेर संपली आणि स्वारी खाली पाटात गेली. गुडघाभर चिखल! सगळे हसले. मीही हसलो. मग आठवण झाली आणि हसू गेलं.

२३ फेब्रुवारी

स्वप्न पडलं. गाभाऱ्यात मॅच चाललीय. देव गोलात उभा. चेंडू माझ्याकडे येतो आणि मला कळत नाही, डाव्या पायानं घेऊ की उजव्या. देव काही बोलत नाही. रागावलेला दिसत नाही. वाट बघतोय.

रुक्मिणीला सांगितलं तर म्हणाली, बाबली गेल्यापासून तुम्ही अर्धे इथं आणि अर्धे पेडण्यात. पुरुषाला पुरुषाचं एवढं काय असतं म्हणते. तिला कसं सांगू, मला त्याचं काही नको होतं. तो मेरेवर उभा असला की मैदान मोठं वाटायचं, एवढंच.

४ मार्च

सुगंधा आली होती, खालच्या वाडीतली. मुलीला कुडाळचं स्थळ आलंय, देऊ का नको, कौल पाहिजे.

पाकळ्या दोनदा काढून पुन्हा लावल्या. उजवी पडली. खरोखर उजवी पडली. बाहेर येऊन उजवी म्हणालो. ती लगेच उठली, पदर सावरला आणि निघाली. पुन्हा विचारलं नाही, आत डोकावलं नाही. एका पोरीचा जन्म माझ्या एका शब्दावर ठेवून ती बाई खुशाल घरी गेली.

मी कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिलो. खरं बोललो तरी खोटं बोलल्यासारखं वाटतंय. हे आता असंच चालणार का? आणि गावाला कळलं तर माझ्या हातचा कौल कोण घेईल? घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, ते माझ्यापाशी येऊन संपेल.

तरी एक लिहितो. पुन्हा ती वेळ आली, पुन्हा तो तसा खाली बघत उभा असला, तर काय म्हणेन? तेच म्हणेन. म्हणून तर देवाची क्षमासुद्धा मागता येत नाही. मागायची तर चुकलो म्हणावं लागतं.

१७ मार्च

टूर्नामेंटच्या टीमा लागल्या. यंदा पेडण्याची टीम येणार! रस्ता मोकळा झाला, आता कोणाला कोण अडवतंय? आणि त्यांच्याबरोबर मॅनेजर कोण, तर बाबली! आमचा बाबली!

गड्यांना आनंदही झाला आणि रागही आला. गणपत म्हणतो, आमचं मीठ खाल्लं आणि आमच्यावरच येणार. मी देवळात गेलो. ढोलाची कातडी ताणून ठेवली. कशासाठी ते मलाच माहीत नाही.

२१ मार्च

होळी. गावाचं गाऱ्हाणं घातलं, घसा बसला. सगळ्यांसाठी मागितलं. माझ्यासाठी काही मागायचं सुचलं नाही.

३१ मार्च

आम्ही फायनलला. पेडणंही फायनलला. उद्या.

सकाळी बाबली देवळात आला. किती बदललाय! अंगावर घातलंय तेही घरचं धुतलेलं. आईनं दिलेली पोह्यांची पुरचुंडी देवापुढे ठेवली. म्हातारी दिवसभर बोल लावते म्हणाला – कौलं नीट बसवली नाहीस, गोठ्याचा वासा वाकडा घातलास, एवढी वर्षं तिकडे काय शिकलास! सांगताना त्याचं हसू संपत नव्हतं. नमस्कार करून बराच वेळ उभा राहिला. रवळनाथाकडे बघत होता, सरळ, तोंडाकडे.

मीही बघितलं मग. खूप दिवसांनी. देव तसाच होता.

उद्या आमची टीम जिंकावी. हे खरं आहे, मला माझीच टीम जिंकायला हवीय. मी कोणाचा दुसऱ्याचा आहे का?

१ एप्रिल १९६२, रविवार

पेडणं जिंकलं. एकच गोल. त्यांचा गडी जिथं कोणी नव्हतं तिथं आधीच जाऊन उभा होता. चेंडू सोटांमधून गेला तेव्हा सगळी वाडी गप्प झाली, आणि मी उभा राहून ओरडलो. आनंदानं. एकट्याचाच आवाज, सगळ्यांनी ऐकला.

गणपत माझ्याकडे चालत आला. गोलाचं नाव काढलं नाही. सगळ्यांसमोर, अगदी हळू विचारलं, "गुरवा, त्या दिसा खंयची पाकळी पडली?"

बाबली पलीकडेच उभा होता. तोही बघत होता.

"डावी," मी म्हटलं.